नळीखालचे शिक्के : बारामती-इंदापुरातील विलायती दुनळीची ओळख आणि मोल

खंडेनवमीला बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या जुन्या घरांत शस्त्रे पुजली जातात. तलवार, कट्यार, भाल्याचे पाते यांना हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते. काही घरांत त्यांच्या शेजारी एक दुनळी बंदूकही असते. तलवारीची हकिगत घरातल्या पोरासोरांनाही पाठ असते. दुनळीची हकिगत मात्र बहुधा दोन शब्दांत संपते : "आजोबांची, विलायती." पुढे परवानाधारक वारला आणि परवान्यावर नाव कोणाचे लावायचे हा प्रश्न आला, की त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : हिचे किती येतील?

या प्रश्नाचे निम्मे उत्तर बंदुकीवरच कोरलेले असते. फक्त सगळे जिथे पाहतात तिथे ते नसते. उरलेले निम्मे उत्तर घरातल्या कागदांत असते. हे दोन्ही एकत्र असतील तर दुनळी इतिहासाचे साधन ठरते आणि तिला मोलही येते. ते वेगळे झाले, की उरते ते लोखंड आणि अक्रोडाचे लाकूड. आपल्या भागात गेल्या दोन पिढ्यांत नेमके हेच होत आले आहे, म्हणून हा लेख.

बंदूक या मुलखात कशी आली

इंदापूर तालुक्याला सरकारी नोंदीची सवय जुनी आहे. मुंबई इलाख्याची जमीन मोजणीची जी पद्धत पुढे सर्वत्र लागू झाली, तिची सुरुवात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ साली याच तालुक्यात केली. शेताला नंबर मिळाला, नंबराला खातेदार मिळाला. बंदुकांची अशी मोजदाद मात्र उशिरा झाली. १८५७ नंतर निःशस्त्रीकरणाचे कायदे आले आणि १८७८ साली लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला. त्याआधी तीनच वर्षे, १२ मे १८७५ रोजी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली होती. कायद्याच्या पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी साथीदारांसह बंड केले. अशा काळात ज्याच्या हाती परवान्याची बंदूक, तो सरकारच्या विश्वासातला माणूस असे गणित पक्के झाले. युरोपियनांना या कायद्यातून सूट होती आणि हिंदी माणसाला परवाना लागे. ही गोष्ट पुढे अनेक वर्षे राष्ट्रीय सभेच्या तक्रारींत राहिली.

म्हणून घरात १८७८ ते १९४७ या काळातला परवाना सापडला, तर तो नुसता बंदुकीचा कागद समजू नये. त्या घराची सरकारदरबारी पत काय होती, हे सांगणारा तो दाखला आहे.

विलायती दुनळी विकत घ्यायची तर रोकड हवी, आणि ती या कोरडवाहू पट्ट्यात सहज नव्हती. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा वाहू लागला, मग ऊस आला, गुळाची गुऱ्हाळे आली. १९१४ मध्ये दौंड-बारामती रेल्वे सुरू झाली. १९३० च्या दशकात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांच्या कारखान्याभोवती वालचंदनगर उभे राहिले. कालव्याकाठी उसात रानडुक्कर शिरू लागले आणि कालव्याच्या वरच्या माळावर काळवीट, चिंकारा, तितर, माळढोक होतेच. या भागातल्या बऱ्याच दुनळ्यांची मागणी या दोन गोष्टींतून निघाली, असे माझे मत आहे : खाली पिकाची राखण, वर माळावरची शिकार.

पुरवठ्याची सोयही त्याच काळात झाली. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही सोसायटीने १८९१ मध्ये मुंबईत दुकान उघडले. काळा घोड्याजवळची तिची इमारत अजून त्याच नावाने ओळखली जाते. सूचिपत्र पाहून मागवावे अशा वस्तूंत बंदुकाही होत्या. नाव सोसायटीचे, घडण बहुधा बर्मिंगहॅमच्या कारखान्यांची. कलकत्त्याच्या रॉडा, मँटन, लायन अँड लायन अशा पेढ्यांचाही हाच व्यापार होता. यांपैकी रॉडाचे नाव २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंगालच्या क्रांतिकारकांनी पळवलेल्या ५० माउझर पिस्तुलांमुळे इतिहासात राहिले.

नावावर विश्वास किती ठेवावा

दुनळी हातात घेतली की लोक पहिल्यांदा दोन नळ्यांमधल्या पट्टीवरचे नाव वाचतात. वाचावे, पण निकाल तिथे लावू नये. नाव तीन प्रकारचे असू शकते : घडवणाऱ्याचे, विकणाऱ्याचे किंवा साफ खोटे.

खोट्या नावाचे ठळक उदाहरण जोसेफ मँटनचे. हा लंडनचा कारागीर दुनळीचे आजचे रूप घडवणाऱ्यांत अग्रगण्य मानला जातो. पुढे जगप्रसिद्ध झालेला जेम्स पर्डी त्याच्याच हाताखाली तयार झाला. मँटन १८३५ साली वारला. मागून काडतूस भरायच्या बंदुका इंग्लंडात रुळल्या त्या १८५१ च्या लंडन प्रदर्शनात फ्रान्सच्या लफोशोची बंदूक पाहिल्यानंतर. म्हणजे मध्ये मोडून काडतूस भरायच्या दुनळीवर जोसेफ मँटनचे नाव असेल, तर ती त्याने घडवलेली असणे शक्य नाही. एक तर ते नुसते खपवलेले नाव आहे, नाही तर दुसऱ्याच कोणा मँटनच्या पेढीचे आहे. बेल्जियमच्या लिएज गावातूनही इंग्रजी वळणाची नावे कोरलेल्या हजारो स्वस्त बंदुका पूर्वेकडे आल्या. त्यांच्या नळीखाली लंबगोलात 'ईएलजी' ही रोमन अक्षरे सापडतात, आणि वर कोणतेही नाव असले तरी बंदूक लिएजची ठरते.

नाव खरे असेल तर पत्ता कामाला येतो. पर्डीची पेढी १८८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत ऑक्सफर्ड स्ट्रीटवर होती, नंतर साउथ ऑडली स्ट्रीटवर गेली. हॉलंड अँड हॉलंड हे जोडनाव १८७६ पासूनचे. म्हणजे पट्टीवरच्या पत्त्यावरून दशकाचा अंदाज बांधता येतो.

शिक्क्यांची भाषा

खरी कुंडली नळ्यांच्या पोटाशी असते. परवानाधारकाने स्वतः, दोन्ही घरे रिकामी असल्याची खात्री करून, नळ्यांखालचा लाकडी तुकडा काढावा. वरची कळ दाबून नळ्या सोडवाव्यात आणि उलट्या ठेवाव्यात. मागच्या सपाट भागावर बारीक शिक्क्यांची रांग दिसेल. नळ्या सुट्या झाल्यावर उघड्या पडलेल्या लोखंडी बैठकीवरही त्याच प्रकारचे शिक्के असतात.

इंग्लंडात बंदूक विकण्याआधी तिची नळी जादा भाराने उडवून तपासावी लागे. ही तपासणी करणारी दोन घरे होती. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ साली सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे घर १८१३ च्या कायद्याने सुरू झाले. लंडनच्या जुन्या शिक्क्यांत मुकुटाखाली एकमेकांत गुंतलेली 'जीपी' अक्षरे आणि मुकुटाखाली 'व्ही' असतो. बर्मिंगहॅमच्या शिक्क्यांत १८१३ पासून १९०४ पर्यंत मुकुटाखाली फुलीसारखे ओलांडलेले दोन राजदंड असतात आणि त्यांच्या कोनांत अक्षरे असतात. १९०४ नंतर त्यांच्या जागी मुकुटाखाली 'बीपी', 'बीव्ही', 'एनपी' अशी अक्षरे आली. वर लंडनच्या दुकानाचे नाव आणि खाली बर्मिंगहॅमचे शिक्के असतील, तर तो लबाडीचा पुरावा समजू नये. कितीतरी लंडनकर पेढ्या बर्मिंगहॅमहून माल घेत. मात्र बंदूक लंडनच्या उंची कारागिरीची असल्याचा दावा असेल, तर हे शिक्के त्याला प्रश्न विचारतात.

तारीख ठरवायला पुढच्या खुणा उपयोगी पडतात. नळीवर 'नॉट फॉर बॉल', म्हणजे एकसंध गोळी घालू नये, असे शब्द असतील तर बंदूक १८७५ ते १८८७ मधली. चौकटीसारख्या हिऱ्यात '१२' आणि 'सी' असेल तर ती १८८७ नंतरची. 'नायट्रो प्रूफ' असे पूर्ण शब्द १८९६ पासून येतात. काडतुसाच्या घराची लांबी, उदाहरणार्थ अडीच इंच, अशी कोरलेली असेल तर तपासणी १९२५ च्या नियमांनंतरची. दाब टनांत लिहिला असेल तर १९५४ नंतरची. एकाच नळीवर दोन काळांचे शिक्के दिसले, तर बंदूक पुन्हा तपासणीला इंग्लंडात गेली होती असे समजावे. हीही तिच्या चरित्रातली एक नोंद आहे.

आता 'बारा बोअर' या शब्दाविषयी. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर एका गोळीचा जो व्यास येईल तो बारा बोअर, म्हणजे .७२९ इंच. तेरा गोळ्या केल्या तर .७१०. जुन्या दुनळीत बारा बोअरचे काडतूस बसत असूनही नळीवर '१३' हा आकडा दिसतो आणि मालक गोंधळतो. तो आकडा काडतुसाचा नसतो, तपासणीच्या दिवशी नळीच्या आतल्या खऱ्या मापाचा असतो. त्यामुळे तो फार बोलका ठरतो. मागच्या टोकापासून नऊ इंचांवर आतला व्यास आज मोजला आणि '१३' शिक्क्याच्या नळीत तो .७२९ भरला, तर गंजाचे खड्डे घालवण्यासाठी कोणीतरी नळी आतून घासली आहे. आरसा केल्यासारखी चकचकीत नळी पाहून घेणारा खूश होतो. प्रत्यक्षात पोलाद पातळ झालेले असते आणि तपासणीचा दाखला निरुपयोगी झालेला असतो.

घोडे, कळा आणि नागमोडी नळ्या

शिक्के पुसट असतील तर यंत्रावरून काळ काढावा. तोंडातून दारू ठासायची, बाहेर घोडे असलेली आणि केपाची दुनळी साधारण १८६० च्या आधीच्या घडणीची. आपल्याकडे मात्र ठासणीच्या बंदुका त्यानंतरही पुष्कळ वर्षे वापरात राहिल्या. काडतुसातून बाहेर आलेल्या टाचणीवर घोडा पडतो ती १८५० आणि ६० च्या दशकांतली. मध्यभागी ठिणगी पडणारे आजच्या पद्धतीचे काडतूस इंग्लंडात १८६१ च्या सुमारास आले. १८७५ साली वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातल्या अँसन आणि डीली यांनी घोडे आत पेटीत बसवलेले सुटसुटीत यंत्र पेटंट केले. त्याला बॉक्सलॉक म्हणतात. ते स्वस्त आणि दणकट असल्याने जगभर पसरले. ज्या दुनळीत यंत्र बाजूच्या लांबट पत्र्याच्या आतल्या अंगाला बसवलेले असते, तिला साइडलॉक म्हणतात. उत्तम लंडनकर बंदुका बहुधा या घडणीच्या. पण बाजूला नुसता शोभेचा पत्रा लावून बॉक्सलॉकला साइडलॉकचे रूप दिल्याची उदाहरणेही आहेत.

नळीवर पाण्यावरच्या लहरींसारखी किंवा नागमोडी नक्षी दिसली की ती 'डमास्कस' नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून ही नळी करीत. दिसायला देखणी, पण बहुतेक काळ्या दारूसाठी घडवलेली. आज खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काय किंवा बाहेरची काय, बारा बोअरची काडतुसे धूर न होणाऱ्या दारूची असतात आणि त्यांचा दाब वेगळ्या रीतीने चढतो. शिवाय अडीच इंची घरात पावणेतीन इंची काडतूस बसलेले दिसते, पण उडाल्यावर त्याचे तोंड उघडायला जागा राहत नाही. वाढदिवसाला किंवा लग्नाच्या वरातीत 'आजोबांच्या बंदुकीचा एक बार' काढण्याची हौस म्हणून दुहेरी धोक्याची आहे. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि फुटणारी नळी डाव्या हाताची बोटे नेते.

दुर्मिळ कशाला म्हणावे

शंभर वर्षांची बंदूक जुनी असते, दुर्मिळ असेलच असे नाही. बर्मिंगहॅमच्या साध्या बॉक्सलॉक दुनळ्या लाखोंनी झाल्या. आपल्या भागात सापडतात त्यांत बहुसंख्य याच. दुर्मिळ काय असते, त्याची दोन उदाहरणे देतो.

पहिले पॅराडॉक्स बंदुकीचे. जॉर्ज फॉसबेरी हा बंगाल लष्करातला अधिकारी. १८६३ मध्ये वायव्य सरहद्दीवरच्या अंबेला मोहिमेत त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुनळीच्या तोंडाशी शेवटच्या इंच-दोन इंचांतच पेचदार चर पाडायचे, म्हणजे तीच नळी छर्रेही उडवते आणि एकसंध गोळीही बऱ्यापैकी नेमकी टाकते, ही त्याची कल्पना. १८८५ साली तिचे पेटंट झाले आणि हॉलंड अँड हॉलंडने ती बाजारात आणली. सकाळी तितर आणि संध्याकाळी डुक्कर अशा हिंदुस्थानातल्या शिकारीसाठीच ती जणू बेतलेली होती. वेस्टली रिचर्ड्सची 'एक्सप्लोरा' आणि लँकेस्टरची 'कॉलिंडियन' त्याच वाटेने आल्या. कॉलिंडियन हे नावच 'कलोनियल' आणि 'इंडियन' यांची सांगड आहे. वरून ही साधी दुनळी वाटते. सुट्या केलेल्या नळ्या उजेडाकडे धरून पाहिल्या, तरच पुढच्या तोंडाशी ते चर दिसतात.

दुसरे जोडीचे. मोठ्या पेढ्या एकाच गिऱ्हाइकासाठी सारख्या दोन बंदुका घडवीत आणि पट्टीवर, कळेवर सोन्यात '१' आणि '२' घालीत. आपल्या बंदुकीवर नुसता '२' असेल तर तिची थोरली बहीण कुठेतरी आहे किंवा होती. वाटण्यांत भावाभावांत अशा जोड्या फुटतात. दोघींची मिळून किंमत एकेकीच्या दुपटीहून पुष्कळ जास्त असते, म्हणून चुलत घराकडे चौकशी केलेली बरी.

मोल कसे ठरते

किंमत काढताना जाणकार क्रमाने पाच गोष्टी पाहतात. पेढी आणि तिच्यातली प्रत कोणती? नळ्या, बैठक आणि पुढचे लाकूड यांवरचा नंबर एकच आहे का? नळ्यांची जाडी आणि मूळ लांबी शाबूत आहे का? दस्ता मूळचा आहे का, मनगटापाशी चिरला आहे का? आणि शेवटी, मूळ पेटी, आतला छापील कागद, गज, तेलाची कुपी आणि खरेदीची पावती आहे का?

या पाचांपैकी तिसरी आणि चौथी आपल्याकडे घरच्या घरीच बिघडवली जाते. विकण्याआधी बंदूक 'नवी' दिसावी म्हणून नळ्यांना पॉलिश मारतात, नक्षी घासून गुळगुळीत करतात, दस्त्यावर फर्निचरचे व्हार्निश चढवतात. शंभर वर्षांची अस्सल झिलई गेली की परत येत नाही, आणि किंमत अर्ध्याहून खाली येऊ शकते. नळी कापून आखूड करणे तर दुहेरी नुकसान. १९५९ च्या कायद्यात संरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देण्याची जी तरतूद आहे, ती किमान २० इंच नळीसाठी आहे.

पाचवी गोष्ट इंग्लंडातून पुरी करता येते. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स या पेढ्यांच्या जुन्या वह्या टिकून आहेत. नंबर कळवून शुल्क भरले तर बंदूक कधी पुरी झाली आणि प्रथम कोणाला विकली, हे कळू शकते. पहिला धनी संस्थानिक किंवा नावाजलेला माणूस निघाला तर मोल बदलते. अक्कलकोटचे शस्त्रागार किंवा कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातला संग्रह पाहताना हाच फरक जाणवतो : तिथली बंदूक कोणाची हे ठाऊक आहे, म्हणून माणसे तिच्यापुढे थांबतात.

लंडनच्या लिलावातले आकडे वाचून मात्र हुरळू नये. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. देशात ती फक्त परवानाधारकच विकत घेऊ शकतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. १९८० च्या दशकात आयात बंद झाल्यावर विलायती पिस्तुले-रिव्हॉल्वरांना भाव चढले. लांब दुनळीच्या वाट्याला तो चढ फारसा आला नाही. १९७२ च्याच वन्यजीव कायद्याने शिकार संपवली आणि दुनळीचे एक मोठे कामच गेले. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात आणि इंदापूरच्या कडबनवाडीच्या माळावर आज चिंकारा पाहायला लोक कॅमेरे घेऊन जातात. ते चांगलेच झाले. पण त्यामुळे इथे एका चांगल्या विलायती दुनळीला येणारा भाव तिच्या इंग्लंडातल्या बहिणीच्या मानाने फारच कमी असतो.

वारसाने काय करावे

सगळ्यांत मोठा गैरसमज असा, की जुनी बंदूक 'अँटिक' असल्याने तिला परवाना लागत नाही. कायद्याच्या ४५ व्या कलमातली सूट जुन्या घाटाच्या, पुराणवस्तूचे मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला आहे खरी, पण ते दुरुस्त करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. चालू स्थितीतली दुनळी दीडशे वर्षांची असली तरी ती बंदूकच. परवानाधारक वारल्यावर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने आपल्या नावे अर्ज करावा. २०१६ च्या नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. मुदतीत हक्क सांगितला नाही तर जमा केलेले हत्यार सरकारजमा होते. नोकरीनिमित्त पुण्याला किंवा परदेशी गेलेल्या मुलांना हा व्याप नको असतो आणि कितीएक दुनळ्या अशाच जातात. सरकारजमा झालेली बंदूक परत येत नाही. तिचा परवाना, पावती, शिकारीचा फोटो हे मग रद्दीत जायलाही वेळ लागत नाही.

बंदूक ठेवणे ज्याला शक्य नाही त्याने ती अवश्य सोडावी. सोडण्यापूर्वी एक दिवस काढावा. नळ्यांखालच्या शिक्क्यांचे, पट्टीवरच्या नावाचे आणि नंबराचे स्वच्छ उजेडात फोटो घ्यावेत. आधीचे सगळे परवाने, काडतुसांच्या खरेदीच्या नोंदी, निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा केल्याच्या पावत्या एका पाकिटात घालाव्यात. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून बंदूक कोणी, कधी, कशासाठी घेतली हे तारीख टाकून लिहून काढावे. याची एक प्रत घरात ठेवावी आणि एक जवळच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागात द्यावी.

दोन्ही तालुक्यांतल्या पन्नास घरांनी एवढे केले, तरी कालव्याच्या पाण्याबरोबर कोणाच्या हाती पैसा आला, परकीय सरकारने कोणावर विश्वास टाकला आणि माळावरचे काळवीट कोणत्या काळात विरळ होत गेले, याचा एक असा दप्तरखाना तयार होईल, जो आज कोणत्याही सरकारी कचेरीत एका जागी मिळत नाही. कागद गोळा करायला परवाना लागत नाही. ते काम या दिवाळीच्या सुट्टीत, सगळे घरी जमलेले असताना, होऊ शकते.